व्हायरसच्या नमुन्यांना कुलूप लावावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी इंजिनिअरिंगच्या मुलांना आणि सहकारी बँकांच्या कर्मचाऱ्यांना मालवेअरबद्दल शिकवतो. वर्ग सुटला की मेसेज सुरू होतात आणि त्यातले निम्मे एकाच गोष्टीभोवती फिरतात: खरेखुरे व्हायरस इंटरनेटवरून कुणालाही उतरवून घेता येतात, हे चालतं कसं? तीच उत्तरं इतक्यांदा दिली आहेत की आता एकदाच लिहून ठेवतो. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवलेत. एक उत्तर दुसऱ्यावर टेकतं तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्हायरसचा ‘नमुना’ म्हणजे काय? आणि ती काय जपून ठेवायची वस्तू आहे?

नमुना म्हणजे हल्ल्यात सापडलेली फाइल, जशीच्या तशी. विंडोजचा एखादा प्रोग्रॅम असेल, मॅक्रो दडवलेली वर्डची फाइल असेल, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लग्नपत्रिका’ म्हणून आलेली एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) असेल. संग्रहात गेली की तिचं मूळ नाव मागे पडतं आणि हॅश हीच तिची ओळख होते. हॅश म्हणजे फाइलवर गणित करून काढलेली ओळ; एसएचए-२५६ पद्धतीची असेल तर ६४ अक्षरांची. फाइलमधला एक बिट बदलला तरी सगळी ओळ बदलते. त्यामुळे पुण्यातला माणूस आणि पोलंडमधला माणूस एकाच फाइलबद्दल बोलतायत याची खात्री होते.

जपायचं कारण सरळ आहे. अँटिव्हायरस लिहिणाऱ्याला समोर नमुना लागतो. वर्णनावरून व्हायरस पकडता येत नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था रोज साडेचार लाखांहून अधिक नवे घातक प्रोग्रॅम नोंदवते. एवढा माल एकट्या कंपनीच्या हाती लागणं शक्य नसतं, म्हणून देवाणघेवाण.

शिवाय हा इतिहासही आहे. १९९०मध्ये भारतात ‘जोशी’ नावाचा व्हायरस सापडला. दर ५ जानेवारीला तो मशीन अडवून बसायचा आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप केल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही. लिहिणारा कोण, हे आजवर उघड झालेलं नाही. वर्गात हा किस्सा सांगितला की निदान एक जोशी लाजतोच.

२. हे संग्रह आहेत कुठे? कुणालाही मिळतात का?

दारं वेगवेगळी आहेत. व्हायरसटोटलवर कुणीही फाइल टाकून अहवाल पाहू शकतो, पण दुसऱ्याने टाकलेली फाइल उतरवून घ्यायची तर पैसे भरणारं खातं लागतं. २००४मध्ये स्पेनमधल्या मालागात सुरू झालेली ही सेवा २०१२मध्ये गूगलने घेतली. मालवेअरबझार आणि व्हायरसशेअर फुकट आहेत, पण नाव नोंदवावं लागतं. व्हीएक्स-अंडरग्राउंडचा साठा जवळपास उघडाच असतो, आणि गिटहबवर ‘द झू’ नावाचा छोटा संग्रह विद्यार्थ्यांसाठी म्हणूनच ठेवलेला आहे.

अँटिव्हायरस कंपन्यांची आपापसातली देवाणघेवाण वेगळी. ती करारांवर आणि ओळखीपाळखीवर चालते, बाहेरच्याला दिसत नाही.

३. पाषाणच्या एनआयव्हीत जिवंत विषाणू सात दारांआड ठेवतात. मग कॉम्प्युटरच्या व्हायरसला मोकळं रान का?

मला येणाऱ्या प्रश्नांतला हा सगळ्यात चांगला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत २०१२मध्ये देशातली पहिली बीएसएल-४, म्हणजे सगळ्यात कडक सुरक्षेची, प्रयोगशाळा सुरू झाली. तिथल्या कुपीतला विषाणू बाहेर आला तर तो बाहेर नव्हता तिथे येतो. देवी १९८०मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं आणि आज तिचे विषाणू अधिकृतपणे फक्त दोन ठिकाणी आहेत: अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोवोला. म्हणून त्या कुपीला कुलूप.

संगणकाच्या नमुन्याचं उलट असतं. तो संग्रहात येतो तेव्हा आधीच हजारो मशीनवर फिरून आलेला असतो. चोराची पहार पोलिसांनी जप्त केली तर चोर दुसऱ्या दिवशी बिनपहारीचा असतो. इथे पहारीची फक्त प्रत जप्त होते, मूळ पहार चोराच्याच हातात राहते. प्रत कपाटात कोंडून ठेवली तर अडचण फक्त कुलूप बनवणाऱ्याची होते.

आपल्याकडची मोठी प्रकरणं आठवा. जून २०१७मध्ये जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं, ते नॉटपेट्या या मालवेअरमुळे. तो सुटला होता युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले, ते एटीएमच्या स्विचिंग यंत्रणेत शिरलेल्या संघटित टोळीमुळे. सार्वजनिक संग्रहाला टाळं असतं तरी या दोन्ही दिवशी काही वेगळं घडलं नसतं.

एनआयव्हीची तुलना एका ठिकाणी मात्र खरोखर लागू पडते: जे हत्यार अजून सगळ्यांच्या हाती पडलेलं नाही. त्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

४. पण गुन्हेगार याच संग्रहांतून माल उचलत नसतील कशावरून?

उचलत असतील. कच्च्या नमुन्याचा त्यांना उपयोग किती, हे पाहायला हवं.

तयार प्रोग्रॅम आणि सोर्स कोड (प्रोग्रॅमर लिहितो तो मूळ, सहज बदलता येणारा मजकूर) यांत मोठा फरक आहे. पकडलेल्या रॅन्समवेअरचा (फाइली कोंडून खंडणी मागणाऱ्या मालवेअरचा) नमुना तुम्ही कुणावर सोडलात तर खंडणीची चिठ्ठी मूळ टोळीच्या पत्त्याची निघते, पैसे तिलाच जातात. ज्या सर्व्हरशी तो बोलणार असतो तो बहुधा बंद पडलेला असतो. आणि संग्रहात आल्या क्षणापासून त्याची ओळख बहुतेक अँटिव्हायरसना झालेली असते. घरची झोपमोड करायला ठीक, धंद्याला निरुपयोगी.

सोर्स कोडची गोष्ट वेगळी. झ्यूस या बँका लुटणाऱ्या ट्रोजनचा (साध्या प्रोग्रॅमचं सोंग घेणाऱ्या मालवेअरचा) कोड २०११मध्ये फुटला आणि त्यातून सिटाडेल, आइस नाइन अशी पिलावळ निघाली. मिराईचा कोड त्याच्या कर्त्यांनीच ३० सप्टेंबर २०१६ला उघड केला. पोलीस दारात आलेच तर ‘हा कोड सगळ्यांकडेच आहे’ म्हणता यावं, हा हेतू. ६०हून अधिक ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून तो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घ्यायचा. तीन आठवड्यांत, २१ ऑक्टोबरला, मिराईनेच बांधलेल्या जाळ्यांनी डाइन या, वेबसाइटची नावं त्यांच्या पत्त्यांशी जोडून देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटरपासून नेटफ्लिक्सपर्यंत सेवा अडखळल्या. मूळ तिघांनी पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला, पण कोड आजही नव्या नव्या नावांनी फिरतो.

चांगल्या हेतूनेही हेच होतं. २०१५मध्ये तुर्कस्तानातल्या एका संशोधकाने ‘हिडन टिअर’ नावाचं शिकवणीचं रॅन्समवेअर गिटहबवर ठेवलं, मुद्दाम कच्चं कूटलेखन वापरून. चोरांनी ते उचललं आणि त्यावरून डझनावारी खरी रॅन्समवेअर निघाली.

प्रामाणिकपणे एक अपवाद सांगायला हवा: स्वतःहून पसरणारा किडा. वॉनाक्राय या रॅन्समवेअर किड्याच्या तयार फाइलमध्येच हातचलाखी करून, त्याला थांबवणारं डोमेन (वेबसाइटचं नाव; प्रश्न ६ पाहा) बदललेले अवतार दोन-तीन दिवसांत दिसले. म्हणजे सोर्स कोड नसला की नमुना अगदी निर्धोक, असं म्हणता येत नाही. पण ते करणाऱ्यांना नमुना संग्रहातूनच मिळवायची गरज नव्हती. तेव्हा तो दीडशे देशांत आपणहून दारं ठोठावत होता.

५. पूर्वी तर म्हणे ओळखीशिवाय नमुना मिळायचा नाही. तेच बरं नव्हतं का?

नव्वदच्या दशकात कारो नावाचा अँटिव्हायरस संशोधकांचा छोटा गट होता. नियम एकच: ज्याच्यावर विश्वास, त्यालाच नमुना. हेतू शुद्ध होता. परिणाम असा की आतला माणूस कायम आत आणि बाहेरचा कायम बाहेर. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातून कैलास आणि संजय काटकर या भावांनी त्याच दशकात क्विक हील हे अँटिव्हायरस उभं केलं, ते दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमधले व्हायरस पाहून. गिऱ्हाइकांची मशीन हाच त्यांचा संग्रह.

आणि बाहेर राहिलेल्यांनी आपले संग्रह उघडलेच. १९९०मध्ये बल्गेरियातल्या सोफियात व्हायरसची देवाणघेवाण करणारा एक बुलेटिन बोर्ड (फोनलाइनवरून जोडून फाइली देण्या-घेण्याची जागा) सुरू झाला. आत यायचं तर आधी एक नवा व्हायरस द्या. ज्याच्याकडे नसे तो लिहून आणायचा! मला हे उदाहरण फार आवडतं, कारण दार उघडं ठेवल्याने जितके व्हायरस झाले नसते तितके या प्रवेश फीने जन्माला घातले. बंधन घालताना त्याची किंमत कशात मोजली जाणार आहे, ते आधी बघावं लागतं.

६. सर, मी डिप्लोमाला आहे. कंपनीचा ईमेल नाही, ओळख नाही. मला नमुने कोण देणार?

मालवेअरबझारवर खातं उघड, मिळतील. पण आधी प्रश्न १० वाच, मग हात लाव.

तुझा प्रश्न मात्र या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे. ‘फक्त पात्र लोकांनाच’ म्हटलं की पात्रता कोण ठरवणार? मे २०१७मध्ये वॉनाक्राय थांबवणारा मार्कस हचिन्स तेव्हा २२ वर्षांचा, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावात आईवडिलांकडे राहून काम करणारा, पदवी नसलेला मुलगा होता. मित्राकडून नमुना मिळवला, चालवून पाहिला, तेव्हा दिसलं की तो एका अगम्य लांबलचक नावाचं डोमेन उघडायचा प्रयत्न करतोय आणि ते कुणाच्या नावावर नाही. दहा-अकरा डॉलर भरून त्याने ते घेतलं. किडा समोरून उत्तर आलं की स्वतःच थांबणारा निघाला. हे त्याला डोमेन घेतल्यानंतर कळलं. नमुना त्याच दुपारी हाती आला नसता तर?

गोष्ट इथेच संपवली असती तर माझ्या मताला सोयीची झाली असती. पण तीन महिन्यांनी त्याच मुलाला अमेरिकेत अटक झाली, कारण काही वर्षांपूर्वी क्रोनॉस नावाचं बँक-ट्रोजन लिहिण्यात त्याचा हात होता. त्याने ते कबूल केलं, आणि २०१९मध्ये न्यायाधीशांनी आणखी तुरुंगवास न देता सोडलं. चाळणी लावली असती तर ती त्याच्या पदवीला लागली असती की क्रोनॉसला? मला वाटतं, पदवीला. क्रोनॉस तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं.

७. भारतात एखाद्या सार्वजनिक नमुन्यामुळे काही उघड झालंय का?

कुडनकुलम. २८ ऑक्टोबर २०१९ला ट्विटरवर काहींचं लक्ष व्हायरसटोटलवरच्या एका फाइलकडे गेलं. डीट्रॅक जातीचं मालवेअर, आणि त्याच्या पोटात तमिळनाडूतल्या अणुवीज केंद्राच्या अंतर्गत नेटवर्कवरचं खात्याचं नाव कोरलेलं. म्हणजे ही फाइल हवेत जाळं टाकणारी नव्हती. आतली माहिती आधीच हाती असलेल्याने बनवलेली होती. २९ तारखेला केंद्राकडून खुलासा आला की नियंत्रण यंत्रणा बाहेरच्या नेटवर्कला जोडलेल्याच नाहीत, हल्ला शक्य नाही. ३०ला एनपीसीआयएल या अणुवीज केंद्रं चालवणाऱ्या सरकारी कंपनीने मान्य केलं: मालवेअर सापडलं होतं, सर्ट-इनने (सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने) ४ सप्टेंबरलाच कळवलं होतं, बाधित मशीन प्रशासकीय कामाचं होतं आणि ते महत्त्वाच्या अंतर्गत नेटवर्कपासून अलग आहे.

दोन्ही खुलासे शब्दशः पाहिले तर एकमेकांना खोडत नाहीत, ही सरकारी भाषेची किमया. पण सप्टेंबरपासून आत ठाऊक असलेली गोष्ट लोकांना कळली, ती नमुना बाहेरच्या डोळ्यांना दिसला म्हणून.

याच उदाहरणाची दुसरी बाजू: नेटवर्कची आतली माहितीही त्या फाइलबरोबर साऱ्या जगाला दिसली. ती बाजू पुढच्या उत्तरात.

८. आमच्या पतसंस्थेत संशयास्पद फाइल आली आहे. व्हायरसटोटलवर टाकून बघू का?

थांबा. आधी फक्त हॅश शोधा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘सर्टयुटिल’ने एसएचए-२५६ हॅश निघतो, तुमच्याकडे कॉम्प्युटर बघणाऱ्याला हे माहीत असतं. ती ६४ अक्षरं शोधपट्टीत टाका. फाइल आधीच कुणी टाकलेली असेल तर अहवाल मिळतो आणि तुमच्याकडून काहीच बाहेर जात नाही.

हॅश सापडला नाही तर फाइल काय आहे ते बघा. प्रोग्रॅम किंवा एपीके असेल आणि ती फक्त तुमच्यासाठी बनवलेली वाटत नसेल, तर टाकायला हरकत नाही. पण सभासदाच्या नावाने आलेलं कर्जाचं पत्र, केवायसीची पीडीएफ, पगारपत्रकाची एक्सेल फाइल असेल तर मुळीच टाकू नका. ती वर गेली की जगभरातले पैसे भरणारे ग्राहक ती उतरवून घेऊ शकतात. मी स्वतः एका वर्गात जुना अहवाल उघडून दाखवताना समोर कुणाची तरी आधारची झेरॉक्स आली. चोराने पाठवलेली नव्हती. कुण्या काळजीवाहू क्लार्कने ‘व्हायरस आहे का’ म्हणून टाकलेली होती.

हल्ला झालाच असेल तर एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सर्ट-इनला सहा तासांत कळवावं लागतं. नमुना त्यांच्याकडे द्या. त्या मार्गाने दिलेली फाइल साऱ्या जगाला दिसत नाही.

९. व्हायरसचे नमुने जवळ बाळगणं हा भारतात गुन्हा आहे का?

मी वकील नाही, पण कायद्याची वाक्यं सरळ आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३मधलं सी उपकलम, म्हणजे इंग्रजी प्रतीतलं. मराठी भाषांतरांत अक्षरं बदलतात म्हणून घोळ होतो. ते म्हणतं: मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात व्हायरस घालणं किंवा घालवणं. हेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. देशाच्या सुरक्षेला धक्का देण्यासाठी केलं तर ६६ एफ, जन्मठेपेपर्यंत. नुसतं बाळगण्याला वेगळी शिक्षा या कायद्यात नाही. मात्र समोरच्याचा इरादा ठाऊक असून त्याला नमुना पुरवलात, तर मदत आणि चिथावणी यांची कलमं आहेत.

जपानने २०११मध्ये वाट बदलली. तिथे दुसऱ्याच्या मशीनवर चालवण्यासाठी, सबळ कारणाशिवाय व्हायरस बाळगणं हाही गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद. हेतू चांगलाच, पण कायदा सैल विणला की त्यात कोण अडकतं ते पाहा. २०१९मध्ये एका १३ वर्षांच्या मुलीची पोलिसांनी चौकशी केली, कारण तिने बंद न होणारा अलर्ट दाखवणाऱ्या पानाची लिंक टाकली होती. वेबसाइटवर कॉइनहाइव्हचा (पाहणाऱ्याच्या संगणकाची ताकद वापरून डिजिटल चलन कमावणारा) कोड ठेवणाऱ्या एका डिझायनरला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून जानेवारी २०२२मध्ये निर्दोष ठरावं लागलं. त्या काळात खरे व्हायरस लिहिणारे आपल्या कामात मग्न होते.

युक्रेनमध्ये २३ मार्च २०१२ला पोलिसांनी व्हीएक्स हेवन्स या जुन्या संग्रहाचा सर्व्हर जप्त केला. तिथे नमुन्यांबरोबर व्हायरसशास्त्रावरच्या लेखांचं मोठं ग्रंथालय होतं, तेही गेलं. ज्यांनी प्रती करून ठेवल्या होत्या त्यांच्यामुळे बरंच काही वाचलं.

१०. घरच्या लॅपटॉपवर नमुना उघडून पाहू का? व्हर्च्युअल मशीन वापरीन.

भावाच्या लॅपटॉपवर नाही, ऑफिसच्या तर नाहीच. जुनं मशीन घ्या, त्यात व्हर्च्युअल मशीन (मशीनच्या आत चालणारं खोटं मशीन), त्याचं नेटवर्क पूर्ण तोडलेलं, काम सुरू करण्याआधी स्नॅपशॉट, म्हणजे परत जाता येईल अशी त्याची नोंद. फाइलचं एक्स्टेन्शन काढून ठेवा, म्हणजे चुकून डबल-क्लिक झालं तरी चालत नाही. पहिले दोन महिने नमुना चालवूच नका, नुसता वाचा.

आणि शेअर्ड फोल्डर (खऱ्या आणि खोट्या मशीनमधला सामाईक) बंद आहे का ते दोनदा बघा. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका कॉलेजात वर्गासमोर रॅन्समवेअर चालवून दाखवत होतो. नेटवर्क तोडलं होतं, स्नॅपशॉट घेतला होता, सगळं झोकात. आदल्या दिवशी फाइली आत न्यायला उघडलेला शेअर्ड फोल्डर तसाच राहिला होता. पडद्यावर वर्डच्या फाइलींची नावं एकेक बदलत गेली. तिसऱ्या ओळीत माझ्या लक्षात आलं की ही नावं खोट्या मशीनमधली नाहीत, माझ्या अंतर्गत परीक्षेच्या प्रश्नपत्रिका आहेत. मुलं टाळ्या वाजवत होती.

११. नमुने ज्या झिपमध्ये येतात तिचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो. मग त्याचा उपयोग काय?

सगळीकडे एकच पासवर्ड, ‘इन्फेक्टेड’. तो चोरासाठी नसतोच. मेलचा स्कॅनर वाटेत झिप उडवू नये आणि कुणाच्या चुकून हात लागण्याने फाइल चालू नये, एवढ्यासाठी तो आहे. स्वयंपाकघरातल्या फिनाइलच्या बाटलीवरच्या झाकणासारखा.

१२. गिटहबने एकदा असा कोड काढून टाकला होता ना? तेही चूक होतं का?

तो नमुना नव्हता, एक्स्प्लॉइट होता, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या भोकातून आत शिरायचा कोड. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या मेल सर्व्हरमधल्या भोकांवर २ मार्च २०२१ला पॅच (दुरुस्त्या) आले आणि आठवडाभरानंतर व्हिएतनाममधल्या एका संशोधकाने हल्ल्याचा प्रायोगिक कोड गिटहबवर ठेवला. गिटहबने तो काही तासांत काढला. गिटहब मायक्रोसॉफ्टच्या मालकीचं, म्हणून ओरड झाली: आपल्या मालावर आली की लगेच! त्याच जूनमध्ये त्यांनी नियम बदलले. संशोधनासाठीचा कोड ठेवता येईल. चालू हल्ल्यात तो प्रत्यक्ष वापरला जात असेल तर अडवता येईल.

मला तो निर्णय योग्य वाटतो. पॅच आला असला तरी हजारो सर्व्हरवर तो बसायचा होता, आणि इथे कपाटातली वस्तू चोराकडे आधीपासून होतीच असं नव्हतं. मोजक्या टोळ्यांकडे होती, सगळ्यांकडे नव्हती. काही आठवड्यांच्या विलंबाने संशोधकाचं फार बिघडत नाही. एनआयव्हीची उपमा (प्रश्न ३) इथे लागू होते.

१३. दात काढलेले नमुने वाटले तर दोघांचंही समाधान नाही का होणार?

काही कामांसाठी होतं. अँटिव्हायरस चालू आहे का एवढंच बघायचं तर ६८ बाइटची आयकार चाचणी फाइल पुरते. ती व्हायरस नाही, सगळ्यांनी मिळून व्हायरस मानायचं ठरवलेली ओळ आहे. २०१६मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर संशोधक मिक्को हिप्पोनेन यांनी मांडलेलं मालवेअर संग्रहालयही असंच: जुन्या डॉस व्हायरसची चित्रं-अक्षरं दिसतात, नासधूस करणारा भाग काढलेला.

मशीन लर्निंगवाल्यांनी आणखी युक्त्या काढल्या. २०१५च्या स्पर्धेत मायक्रोसॉफ्टने फाइलींचे हेडर (सुरुवातीचा, फाइल कशी चालवायची ते सांगणारा भाग) काढून टाकले. २०१८च्या एंबर संचात ११ लाख फाइलींची फक्त मोजमापं आहेत, फाइली नाहीत. सोफोस आणि रिव्हर्सिंगलॅब्ज यांनी डिसेंबर २०२०मध्ये सुमारे एक कोटी खरे नमुने उघड केले, पण प्रत्येकाच्या हेडरमधली दोन मूल्यं शून्य करून. विंडोज अशी फाइल चालवत नाही. जाणकार ती दोन मूल्यं परत भरू शकतो, हे खरं. पण प्रत्येक फाइलला काय होतं ते आधी ठरवावं लागतं.

फक्त, वागणूक अभ्यासायची असेल तर मेलेला साप कामाचा नाही. हचिन्सला मिळालेली फाइल चालत नसती तर ते डोमेन दिसलं नसतं.

१४. पैसे भरेल त्यालाच नमुने, हेही एक बंधनच झालं की!

झालंच. आणि ते चोराला अडवत नाही, गरिबाला अडवतं. २०१६मध्ये व्हायरसटोटलने आणखी एक अट घातली, तिच्याशी मात्र मी सहमत आहे: ज्यांना इतरांचे निकाल यंत्रणेमार्फत हवेत त्यांनी आपला स्कॅनरही तिथे लावावा. कारण काही नव्या कंपन्या दुसऱ्यांचे निकाल उचलून स्वतःचे म्हणून विकत होत्या. ही सवय जुनीच. २०१०मध्ये कॅस्परस्कीने एक प्रयोग केला: २० निरुपद्रवी फाइली बनवल्या, त्यातल्या दहांवर मुद्दाम खोटा ठपका ठेवला आणि त्या व्हायरसटोटलवर टाकल्या. दहा-एक दिवसांत १४ कंपन्यांनी तोच ठपका गिरवला. नमुना उघडायचे कष्टच घेतले नव्हते.

पैसे भरणाऱ्यांची यादीही सुरक्षित असते असं नाही. २०२३मध्ये व्हायरसटोटलच्याच कर्मचाऱ्याने चुकून ५,६०० ग्राहकांची नावं असलेली फाइल तिथेच अपलोड केली. त्यात गुप्तचर यंत्रणांचे लोकही होते. प्रश्न ८ त्यांनाही लागू.

१५. एका वाक्यात सांगा ना: बंधन हवं की नको?

एका वाक्यात नाही जमणार, कारण ‘संग्रह’ या एका शब्दात तीन वेगळ्या वस्तू कोंबल्या आहेत. पकडलेला तयार नमुना नावनोंदणी आणि नोंदवहीसह कुणालाही मिळावा. माझ्या मते डिप्लोमाच्या मुलालाही. सोर्स कोड, नवे व्हायरस बनवून देणारे बिल्डर, पॅच नीट बसायच्या आधीचे एक्स्प्लॉइट यांना कुलूप हवं, आणि ते काही काळाने उघडावं. तिसरी वस्तू पीडितांची कागदपत्रं. त्यांच्याबद्दल कुणी वाद घालत नाही आणि सगळ्यात जास्त गळती तिथेच आहे. माझ्या हातात एकच नियम करायचा असता तर संग्रह चालवणाऱ्यांना मी आधी हे करायला लावलं असतं: कुणी ‘माझी पीडीएफ काढा’ म्हटलं तर चोवीस तासांत काढा.

कायम बंद दाराच्या बाजूचे माझे दोन-तीन मित्र आहेत, अनुभवी आहेत. ते म्हणतात, तू चांगल्या विद्यार्थ्यांत वावरतोस म्हणून असं बोलतोस. असेलही.

१६. बाबांच्या जुन्या फ्लॉपी सापडल्यात. त्यावर जोशी असेल का? असला तर संग्रहाला देऊ?

असू शकेल. घाबरायचं कारण नाही: तो बूट सेक्टरचा व्हायरस आहे, फ्लॉपी ड्राइव्हमध्ये राहून मशीन सुरू झालं तरच चढतो. यूएसबीच्या ड्राइव्हमध्ये घालून नुसतं वाचल्याने आजच्या लॅपटॉपला काही होत नाही. लिनक्सवर पूर्ण फ्लॉपीची इमेज (हुबेहूब प्रत) बनवा, पण त्याआधी मूळ फ्लॉपीची खाच उघडून ठेवा किंवा पट्टी चिकटवा, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. साडेतीन इंची असेल तर खाच उघडी, सव्वापाच इंची असेल तर पट्टी. उलटं केलंत तर मूळच बिघडेल. मग जुन्या पीसीच्या एम्युलेटरमध्ये तारीख ५ जानेवारी करून बघा.

द्यायची असेल तर जरूर द्या, अशा प्रती आता दुर्मिळ होत चालल्यात. पण त्याच इमेजमध्ये बाबांची पत्रं, पॉलिसीचे तपशील, नोकरीचे अर्जही असणार. पाठवायच्या प्रतीतून ते नुसते डिलीट करू नका, त्या जागेवर शून्यं भरा. डिलीट केलेली फाइल फ्लॉपीवरून परत काढणं हा माझ्या दुसऱ्या तासाचा स्वाध्याय असतो.